‘घन तमीं’ पुन्हा वाचताना

भा. रा. तांबे यांची ‘घन तमीं’ ही कविता मी वर्गात किती वेळा शिकवली, याची आता मोजदाद राहिलेली नाही. अभ्यासक्रमात ती असो वा नसो, भावगीताचा विषय निघाला की मी तिच्यापाशी जातेच. कारणेही सोयीची आहेत. कविता लहान आहे, प्रतिमा स्वच्छ आहेत आणि हृदयनाथ मंगेशकरांची चाल व लता मंगेशकरांचा स्वर यांमुळे ती बहुतेकांच्या कानांवरून कधी ना कधी गेलेली असते. ‘मृत्यूकडे निर्भयपणे पाहणारी कविता’ एवढे वाक्य फळ्यावर लिहिले की निम्मा तास झाल्यासारखा वाटे. गेल्या काही वर्षांत मात्र ते वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो. असे का झाले, ते सांगण्यासाठी हा लेख. त्यात कवितेविषयी जेवढे आहे, तेवढेच माझ्या एका चुकीविषयीही आहे.

प्रथम कवितेकडे पाहू. तिच्या ओळी वाचकांच्या कानांत असणार, म्हणून येथे केवळ तिचा क्रम सांगते. ध्रुवपदात कवी आपल्या उदास झालेल्या मनाला साद घालून म्हणतो की, या दाट काळोखात शुक्र कसा सत्ता गाजवतो आहे, ते जरा पाहा. पहिल्या कडव्यात पक्ष्याच्या पिलाची प्रतिमा येते. कवच फोडून बाहेरच्या मोकळ्या हवेत ये, पंख पसर, आतल्या आत कशाला घुसमटतोस, असे कवी विचारतो. दुसऱ्या कडव्यात एकापाठोपाठ एक तीन दृष्टान्त आहेत: झडणारे फूल आणि पिकणारे फळ, नाहीसे होणारे बी आणि डोलणारे झाड, जळणारे तेल आणि उजळणारी ज्योत. शेवटच्या कडव्यात मरणाचे नाव घेऊन कवी मनाला विचारतो की, त्याचे भय कशासाठी? ते तर ईश्वराच्या दयेने उघडलेले सुखाचे दार आहे आणि त्या दारापलीकडे आई हात पसरून उभी आहे.

तांब्यांचा जन्म १८७३ चा, मध्य भारतातील मुंगावलीचा. देवास, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानी परिसरात त्यांचे आयुष्य गेले. ग्वाल्हेरचे राजकवी म्हणून ते ओळखले जातात. १९४१ मध्ये ते गेले, तेव्हा हृदयनाथ मंगेशकर अवघे चार वर्षांचे होते. म्हणजे आज आपल्याला या शब्दांपासून वेगळी काढता येत नाही ती चाल कवीने कधी ऐकली नव्हती. हा तपशील मी वर्गात नेहमी सांगत असे. पण त्यातून जो प्रश्न निघतो, तो मात्र मी स्वतःला कधी विचारला नव्हता. ही कविता मुळात कोणी, कोणाला उद्देशून बोललेली आहे? गाणे झाले की शब्द सर्वांचे होतात, आणि गाणारा आपल्यालाच काही सांगतो आहे असा भास ऐकणाऱ्याला होतो. कविता तशी आहे का?

या प्रश्नाकडे मला आधी एका विद्यार्थिनीने ढकलले. २०११ च्या सुमारास द्वितीय वर्षाच्या वर्गात मी दुसरे कडवे समजावून सांगत होते. मागच्या बाकावरची, एरवी गप्प असणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, फळ गोड झालं. पण फुलाचं काय?”

वर्गात थोडे हसू उमटले. मला तो प्रश्न आवडला आणि उत्तरही लगेच सुचले. मी म्हटले, “अगं, फूल म्हणजे नुसत्या पाकळ्या नव्हेत. पाकळ्या झडतात, पण फुलाच्या तळाशी बीजांडकोश असतो, तोच वाढून फळ होतो. म्हणजे फूल संपत नाही, त्याचं रूप बदलतं. तांब्यांना नेमकं हेच म्हणायचं आहे.” वनस्पतिशास्त्र आणि काव्य यांची अशी सांगड घातल्याचे मला त्या दिवशी चांगलेच समाधान वाटले. मुलगी “हो मॅडम” म्हणून खाली बसली.

पुढे एका सहकाऱ्याकडून कळले की, महिन्यापूर्वीच तिचे वडील ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरखाली सापडून गेले होते. मला वाईट वाटले. पण खरे सांगायचे, तर त्या वाईट वाटण्यात थोडा दिलासाही होता. नकळत का होईना, आपण तिला चार धीराचे शब्द दिले, असे मी मनाशी म्हटले. तिचा प्रश्न फळ कसे तयार होते हा नव्हताच, हे मला तेव्हा उमगले नाही. ती फुलाविषयी विचारत होती.

त्यानंतर सात वर्षांनी माझी आई आजारी पडली.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका होती. पहिली ते चौथीचे सगळे विषय तिने तीसहून अधिक वर्षे शिकवले. तांबे, बालकवी, यशवंत यांच्या कविता तिला पाठ होत्या, आणि त्या ती स्वयंपाक करताना चालीवर म्हणत असे. माझ्या मराठीची सुरुवात तिथे, ओट्यापाशी झाली. सकाळी आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर भावगीते लागत, तेव्हा ती कोणालाही रेडिओच्या बटणाला हात लावू देत नसे. ‘घन तमीं’ मी पहिल्यांदा ऐकली ती त्याच रेडिओवर, फोडणीच्या आवाजातून.

२०१८ च्या जुलैमध्ये यकृताच्या कर्करोगाचे निदान झाले. आईचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन, आता घरी न्या, असे सांगितले. तिची कॉट आम्ही पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवली. तिला सर्व ठाऊक होते. तिने कधी विचारले नाही आणि आम्ही कधी सांगितले नाही.

एका संध्याकाळी मी मोबाईलवर ‘घन तमीं’ लावली. तिला बरे वाटावे हा हेतू होताच, पण त्याखाली आणखीही एक हेतू होता. जे मला तिच्याशी बोलता येत नव्हते, ते तांब्यांनी आणि लताबाईंनी माझ्या वतीने बोलावे, असे मला वाटत होते. पहिले कडवे संपत आले, तेव्हा आईने हात हलवला.

“बंद कर.”

“आवाज कमी करू का?”

“नको. बंदच कर. तुला ऐकायचं तर आत जाऊन ऐक.”

मी गाणे बंद केले. मला लागले, हे कबूल करते. आयुष्यभर जिने ते गाणे आवडीने ऐकले, तिला ते नेमके आता नकोसे व्हावे? मी स्वयंपाकघरात गेले आणि केवळ हट्टाने, कानांत यंत्र घालून, ते शेवटपर्यंत ऐकले. शेवटच्या कडव्यापाशी मला रडू आवरेना. ओट्याला टेकून उभी असताना माझ्या ध्यानात आले की, या घरात मरणाला कोणी भीत असेल, तर ती मी आहे. आई भीत असेलही, नसेलही. पण तिची भीती काढण्याच्या निमित्ताने मी माझी भीती तिच्या उशाशी नेऊन ठेवली होती. आईचे शब्द साधे होते आणि त्यांत कोणताही गूढार्थ नव्हता. तरी ‘आत जाऊन ऐक’ याहून अचूक सूचना या कवितेच्या वाचकाला दुसरी देता येईल असे मला वाटत नाही.

कारण ही कविता आतच बोललेली आहे. तिच्यातील संबोधन पाहावे. कवी रुग्णाला, शिष्याला, जगाला किंवा वाचकाला उद्देशून बोलत नाही. तो स्वतःच्या मनाशी बोलतो. मनाशी बोलण्याची परंपरा मराठी कवितेत जुनी आहे. संतांच्या अभंगांत ती आहे आणि समर्थांच्या दोनशे पाच ‘मनाच्या श्लोकां’त तर तिला शास्त्राचे रूप आले आहे. तिथे मनाला शिस्त लावायची आहे, म्हणून विधी आहेत, निषेध आहेत. तांब्यांच्या कवितेतही आज्ञा आहेत, पण त्या ‘पाहा’, ‘बाहेर ये’, ‘वर उड’ अशा आहेत. भिऊ नकोस, अशी आज्ञा मात्र संपूर्ण कवितेत कोठेही नाही. भीतीविषयी तो फक्त प्रश्न करतो.

किंबहुना प्रत्येक कडव्यात एक प्रश्न आहे, ही गोष्ट इतकी वर्षे शिकवूनही माझ्या नजरेतून निसटली होती. पहिल्या कडव्यात घुसमटण्याचे कारण विचारले आहे. दुसऱ्यात, मरणातली ही अमरता खरी नव्हे का, असे विचारले आहे. तिसऱ्यात भयाचे कारण विचारले आहे. तीन प्रश्न आहेत आणि मनाकडून एकाचेही उत्तर आलेले नाही. मन पहिल्याच प्रश्नाला पटले असते, तर दुसरे कडवे लिहिण्याची गरज नव्हती. दुसऱ्याला पटले असते, तर तिसऱ्याची नव्हती. म्हणजे ज्या कवितेला मी ‘निर्भय’ म्हणून फळ्यावर नोंदवीत आले, ती प्रत्यक्षात भ्यालेल्या मनाची समजूत घालण्याच्या तीन प्रयत्नांची कविता आहे. ते प्रयत्न सफल झाले की नाही, ते कवीने सांगितलेले नाही. निर्भयता हा या कवितेचा निष्कर्ष नसून तिची ओढ आहे. तिच्यातले भय खरे आहे, म्हणूनच ती खरी आहे.

या दृष्टीने वाचू लागल्यावर तिच्या प्रतिमाही वेगळ्या दिसू लागल्या.

अंड्याची प्रतिमा घ्या. बाहेर उभे राहून पाहणाऱ्याला कवच फुटणे म्हणजे जन्म. पण आतल्या जिवाला बाहेर असे काही असते, हेच ठाऊक नाही. त्याचे सारे विश्व म्हणजे ते कवच. त्याच्या बाजूने पाहिले, तर कवचाला तडा जाणे म्हणजे विश्वाचा अंत होय. त्याची भीती मूर्खपणाची नाही, ती त्याच्या जागेवरून अगदी बरोबर आहे. मन आत आहे, हे कवीला ठाऊक आहे. तरीही तो बाहेरच्या हवेची ग्वाही देतो. ही ग्वाही ज्ञानाची की श्रद्धेची, हा प्रश्न वर्गात मोकळा सोडावा, असे मला आता वाटते.

ध्रुवपदातील शुक्राविषयीही थोडे सांगितले पाहिजे. शुक्र सूर्यापासून सुमारे सत्तेचाळीस अंशांपलीकडे कधी जात नाही. त्यामुळे मध्यरात्री तो माथ्यावर आहे, असे दृश्य आपल्या आकाशात संभवत नाही. तो एक तर सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसतो किंवा सूर्योदयापूर्वी पूर्वेला, आणि तेही जास्तीत जास्त तीनेक तास. याचा अर्थ असा की, या कवितेतला काळोख कितीही दाट असला, तरी त्याच्या एका कडेला सूर्य आहेच. मात्र तो नुकताच गेलेला सूर्य आहे की येऊ घातलेला, ते कवी सांगत नाही. आपण ही पहाटेची कविता समजतो, ती आपल्याला पहाट हवी असते म्हणून.

शुक्राची दुसरी ओळख पुराणातली. महाभारताच्या आदिपर्वातील शुक्राचार्य हे मृतांना जिवंत करणाऱ्या संजीवनी विद्येचे जाणकार. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ (१९१३) या नाटकामुळे कच-देवयानीची ही कथा मराठी प्रेक्षकांच्या घरोघरी पोहोचली. कचाला ती विद्या मिळते ती शुक्राचार्यांच्या पोटात असताना. तो पोट फोडून बाहेर येतो आणि मग गुरूला जिवंत करतो. पहिल्या कडव्यातील कवच फोडण्याची प्रतिमा वाचताना ही कथा आठवते. तांब्यांना ती अभिप्रेत होती असा दावा मी करणार नाही. पण मेलेल्याला परत आणणारा जो देव्हाऱ्याबाहेरचा गुरू, त्याचेच नाव मरणाचे भय घालवू पाहणाऱ्या कवितेच्या दारावर असावे आणि कवितेत परत येण्याची मागणी मात्र कोठेच नसावी, हे मला विलक्षण वाटते. संजीवनी नको, एवढेच जणू ती न बोलता सांगते.

आता त्या मुलीचा प्रश्न. फुलाचे काय?

दुसऱ्या कडव्यातील तीन दृष्टान्त मी नेहमी ‘एकाच आशयाची तीन उदाहरणे’ म्हणून शिकवीत असे. ती तशी नाहीत. फूल आधी झडते, फळ नंतर पिकते. दोहोंमध्ये काळाचे अंतर आहे, आणि फळाची गोडी फुलाच्या वाट्याला येत नाही. बी आणि झाड यांत हे अंतर कमी होते. झाड जसजसे वर येते, तसतसे बी नाहीसे होत जाते. तेल आणि ज्योत यांत तर अंतरच उरत नाही. जळणे आणि उजळणे ही तिथे एकाच क्षणाची दोन नावे आहेत. म्हणजे कवी ‘आज गमाव, उद्या मिळेल’ या आश्वासनापासून सुरुवात करतो आणि ते आश्वासन हळूहळू मागे टाकतो. तिसऱ्या दृष्टान्तात उद्याचा भरवसा नाही. दिवा लागल्यापासून तेल जळतेच आहे, आणि प्रकाश म्हणजे तेच जळणे. मरण शेवटी एकदा येते असे नव्हे. जगणे चालू असते तिथे तेही चालू असते.

तरी यात फुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे का? अर्धेच आहे. ज्याचे फूल झडले, त्याला झाडाकडे बोट दाखवून उपयोग नसतो. मी त्या मुलीला जे सांगितले, ते शास्त्र म्हणून बरोबर होते आणि सांत्वन म्हणून खोटे होते. हा दृष्टान्त फुलाने स्वतःशी म्हणायचा आहे. फुलाला गमावणाऱ्यांना तो बाहेरून कोणी ऐकवायचा नाही.

तांब्यांनाही एका उत्तराने समाधान झालेले नसावे. ‘जन पळभर’ या कवितेत, आपल्यामागे जगाचा व्यवहार थांबणार नाही, हे सत्य ते जवळजवळ कोरडेपणाने स्वीकारतात. ‘नववधू’ या कवितेत वरवर सासरी जाण्यास संकोचणारी वधू आहे, पण तिच्यात मरणासमोर थबकलेला जीव वाचण्याची परंपरा आहे. तिथे भय नाकारलेले नाही. वधू थरथरते आहे, आणि जो न्यायला आला आहे, त्यालाच ती ते भय दूर करण्याची विनंती करते. या दोन्ही कविता आपण ऐकतो त्या वसंत प्रभूंच्या चालीत आणि लताबाईंच्याच स्वरात. ‘घन तमीं’त न्यायला कोणी येत नाही. पलीकडे कोणीतरी वाट पाहते आहे, आणि ती आई आहे.

येथे रवींद्रनाथांची आठवण होणे स्वाभाविक आहे. इंग्रजी ‘गीतांजली’त (१९१२) मृत्यूविषयी एक प्रतिमा अशी आहे की, आईने एका स्तनापासून दूर करताच मूल रडते आणि दुसऱ्याच क्षणी दुसऱ्या स्तनाशी शांत होते. तांब्यांचे रवींद्रनाथांशी असलेले नाते समीक्षकांनी अनेकदा दाखवले आहे. मला येथे फरक महत्त्वाचा वाटतो. रवींद्रनाथांचे मूल आईच्या कुशीतच आहे, ते क्षणभरही तिथून सुटत नाही. तांब्यांच्या कवितेत आई दाराशी आहे, मूल दूर आहे, आणि मधले अंतर त्याला एकट्याने चालायचे आहे. शिवाय हे कडवे युक्तिवादाने संपत नाही. पिलू, फूल, बी, तेल ही सारी प्रमाणे देऊन झाल्यावर कवी ती बाजूला ठेवतो आणि फक्त मिठीची आशा उरते. भ्यालेल्या मुलाला आपण अंधारात काहीच नसते हे पटवून देतो, त्याला पटते, आणि तरीही ते कुशीत शिरते. तसेच हे आहे.

आईच्या त्या चार महिन्यांत मृत्यूविषयी आम्ही एक शब्दही बोललो नाही. बोललो ते नळाला पाणी आले का याविषयी, शेजाऱ्यांच्या भिंतीच्या भांडणाविषयी, माझ्या मुलाच्या परीक्षेविषयी. नोव्हेंबर लागताच तिने हयातीच्या दाखल्याची आठवण केली. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी दर वर्षी या महिन्यात तो द्यावा लागतो. विनंती केल्यावर बँकेचा माणूस घरी आला. उशीला टेकून, थरथरत्या हाताने, आपण जिवंत आहोत असे तिने लिहून दिले आणि मग कागद डोळ्यांजवळ नेऊन विचारले, “सही जुळेल ना?” तो माणूस हसला. आम्हीही हसलो. तीही हसली.

गणपतीनंतर आभाळ मोकळे झाले की पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी शुक्र दिसत असे. “चांदणी आली का?” असे ती विचारी. ऑक्टोबरमध्ये तो खाली खाली सरकत दिसेनासा झाला. दिवाळीनंतर पहाटेच्या औषधासाठी उठले असता मला तो पूर्वेला दिसला. मी आत येऊन तिला सांगितले. “तीच ती,” ती म्हणाली. “तिकडनं इकडं आली. चौथीच्या पोरांना शिकवत होते की मी.” त्या बोलण्यात दृष्टान्त नव्हता. भूगोल होता. मीही त्याचा दृष्टान्त करू इच्छित नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची शुद्ध येऊन-जाऊन राहू लागली. शेवटच्या दोन रात्री ती हाका मारीत असे, “आई... आई गं...” पहिल्यांदा मला वाटले, वेदनेने विव्हळते आहे. मग ध्यानात आले की तो सूर विव्हळण्याचा नाही. शाळेतून परतलेले मूल उंबऱ्यातून हाक मारते, तसा तो होता. माझी आजी जाऊन त्याला चाळीस वर्षे झाली होती. मी तिचा हात धरला होता, पण ती हाक मला नव्हती, आणि तिला ओ देण्याचा अधिकारही मला नव्हता. ज्याला मी ‘मातृप्रतिमेचे उपयोजन’ असे नाव देऊन दोन गुणांच्या टिपेसाठी विद्यार्थ्यांना उतरवून देत असे, ते असे माझ्यासमोर उघडे पडले. दारापलीकडे कोणी होते का, हे मला सांगता येणार नाही. हाक मात्र होती.

पहाटे ती गेली. नातेवाइकांना फोन करण्यासाठी मी अंगणात आले, तेव्हा पूर्वेला शुक्र झळकत होता. डिसेंबरात तो तिथे असणारच होता, हे मला ठाऊक होते. तरी फोन लावण्याआधी मी थोडा वेळ तिकडे पाहत उभी राहिले. कवितेने मनाला एवढेच तर सांगितले आहे. समजून घे, असे ती म्हणत नाही. मान्य कर, असेही म्हणत नाही. जरा पाहा, म्हणते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये लता मंगेशकर गेल्या. त्या आठवड्यात वर्गात मी ही कविता पुन्हा घेतली. गाणे लावले नाही. सवयीने फळ्यावर ‘मृत्यूकडे निर्भयपणे’ एवढे लिहिले, थांबले आणि पुसले. त्याऐवजी मुलांना दोनच कामे दिली: कवितेत किती प्रश्न आहेत ते मोजा, आणि त्यांची उत्तरे कोण देते ते शोधा. तास संपत आला तेव्हा एका मुलाने विचारले, “मॅडम, म्हणजे मन शेवटपर्यंत काहीच बोलत नाही?”

मी म्हटले, “नाही.”

“मग कवीची भीती गेली की नाही?”

दहा वर्षांपूर्वी मी याचे उत्तर लगेच दिले असते. यावेळी मी त्याला खरे तेच सांगितले की, मला ठाऊक नाही. आणि तो फुलाचा प्रश्न विचारणारी मुलगी आज कोठे असेल, याचा विचार करीत वर्गाबाहेर पडले. ती भेटली, तर बीजांडकोशाचे सारे स्पष्टीकरण मला मागे घ्यायचे आहे. त्या जागी ठेवायला माझ्याकडे दुसरे काही नाही. तिच्या शेजारी थोडा वेळ बसता आले, तर तेवढे मात्र करीन.